विटा रचणारे पाहुणे

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात ईट नावाचे एक गाव आहे. उत्तर हिंदुस्थानातला कोणी पाहुणा हे नाव ऐकेल, तर त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम वीटच उभी राहील. कारण आपण जिला वीट म्हणतो तिला तो ईंट म्हणतो. गावाच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा माझा मुळीच विचार नाही. परंतु आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे तो विषय विटेचाच आहे, आणि ती वीट परमुलखात जाऊन स्वतःच्या हाताने रचणाऱ्या माणसांचा आहे.

पश्चिमेकडील देशांत गेल्या शतकापासून एक रीत चांगलीच रुळली आहे. एखाद्या ख्रिस्ती मंडळीतले दहावीस सभासद, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी पेन्शनीत निघालेला कारकून, आपापली रजा काढतात, पदरचे पैसे घालतात आणि समुद्रापलीकडच्या एखाद्या गरीब गावी जाऊन आठपंधरा दिवस बांधकाम करतात. कोठे शाळेची खोली, कोठे दवाखाना, कोठे चार भिंतींचे घर. मुदत संपली की हात झटकून, छायाचित्रे काढून, पुष्कळदा डोळे पुसून ते घरी परततात. हा उद्योग पाहून कोणास गहिवर येतो, कोणास हसू येते. मला मात्र इतिहासाचा एक प्रश्न विचारावासा वाटतो: अशा पाहुण्यांनी आपल्या मुलखात आजवर काय उभे केले, आणि त्यातले टिकले काय?

परक्यांनी आपल्याकडे बांधकामास हातभार लावणे ही गोष्ट तशी नवी नाही. पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या चैत्यगृहात जे भव्य खांब आहेत त्यांतील कित्येकांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्या दात्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी यवन म्हणवणाऱ्या या मंडळींनी बौद्ध भिक्षूंच्या लेण्यात एकेक खांब आपल्या नावे करून दिला. खुद्द धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे पेरिप्लसकाराने उल्लेखिलेले तगर, रोमन व्यापाराच्या वाटेवरचे नगर होते. तेथील त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे आणि ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासकांचे मत आहे. गोरोबाकाकांच्या या गावी मातीचे मोल निराळे सांगावयास नको. मात्र यवनांनी दिले ते द्रव्य. छिन्नी हातोडा धरला तो येथल्याच पाथरवटांनी. हा भेद पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनची माणसे आली. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८२६ साली नाशिककडील प्रवासात पटकीने वारले. सिंथिया फॅरारबाई १८२७ साली आल्या. त्यांची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. त्या बाई १८६२ साली नगरलाच निवर्तल्या. ईट हे गाव तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात होते, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तेथेच राहिले. पण पश्चिमेकडे थोडे चालले की खर्डा, जामखेड हा नगर जिल्ह्याचा इंग्रजी मुलूख लागे, आणि तो या मिशनचा मुलूख होता. या लोकांनी शाळा, प्रार्थनामंदिरे, दवाखाने बांधले. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी कोणाचे काहीही मत असो, एक गोष्ट कबूल करावी लागेल की ते पाहुणे म्हणून आले नव्हते. ते येथे राहिले, मराठी शिकले आणि येथल्या मातीत पुरले गेले. आठवड्याच्या बोलीने येणाऱ्या स्वयंसेवकाची परंपरा त्यांच्यापासून निघत नाही. ती दुसरीकडून निघते, आणि तिचा उगम मोठा विलक्षण आहे.

प्येर सेरेसोल हे स्वित्झर्लंडातील एक इंजिनिअर. त्यांचे वडील एके काळी त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. मुलाने मात्र वारसाहक्काने आलेला पैसा टाकून दिला आणि पहिल्या महायुद्धात, ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्याने बंदूक धरणे हे ढोंग आहे असे मानून, लष्करासाठी द्यावयाचा कर देण्याचे नाकारले. त्याबद्दल तुरुंगवासही भोगला. युद्ध संपल्यावर निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती शांततावादी मंडळी हॉलंडात जमली, तेव्हा ठराव पुष्कळ झाले. सेरेसोल यांना ठरावांचा वीट आला. १९२० च्या हिवाळ्यात ते मूठभर सोबती घेऊन फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळच्या एस्न या गावी गेले. तोफांनी त्या गावाचा पार चुराडा केला होता. तेथे त्यांनी लाकडी घरे उभारण्यास, रस्ते नीट करण्यास आरंभ केला. विशेष हे की त्यांच्या तुकडीत जर्मन होते. ज्यांच्या सैन्याने गाव मोडले त्यांच्यातलेच काही हात गाव बांधण्यास आले होते! फ्रेंच अधिकाऱ्यांना ते सहन झाले नाही, आणि पाचसहा महिन्यांत काम आटोपते घ्यावे लागले. घरे थोडी झाली. परंतु एक संस्था जन्मास आली, आणि आंतरराष्ट्रीय नागरी सेवा या अर्थाचे तिचे नाव पुढे जगभर गेले.

या कल्पनेची हिंदुस्थानशी गाठ पडली ती भूकंपामुळे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकर भूकंप झाला. सेरेसोल यांनी गांधीजींना पूर्वीच पाहिले होते. १९३१ च्या डिसेंबरात गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोमाँ रोलाँ यांच्याकडे उतरले होते, तेव्हा दोघांची भेट झाली होती. आता पंचावन्न वर्षांचे हे गृहस्थ बिहारमध्ये दाखल झाले. राजेंद्रप्रसादांचे मदतकार्य तेथे चालूच होते. भूकंपाने जमीन खचली होती आणि पुराचे पाणी नव्या नव्या जागी शिरत होते. म्हणून मुजफ्फरपूर जिल्ह्यात उंचवट्यावर नवी गावठाणे वसवण्याचे काम सेरेसोल व त्यांचे हातांच्या बोटांवर मोजण्याइतके युरोपीय सोबती यांनी १९३७ पर्यंत मधूनमधून केले.

आता येथे हिशेबी मनुष्य विचारील की, बिहारमध्ये मजुरांची काय वाण होती? चारपाच गोऱ्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या म्हणून किती भराव पडला? हा प्रश्न खोटा नाही. भराव बहुतेक सारा बिहारच्या मजुरांनीच घातला. परंतु तो काळ कोणता होता हे ध्यानी घेतले पाहिजे. साहेब म्हणजे घोड्यावर बसून हुकूम सोडणारा, आणि आपल्याकडचा शिकलेला मनुष्य म्हणजे छत्रीखाली उभा राहून हजेरी मांडणारा. अशा देशात युनिव्हर्सिटी पाहिलेला, पांढरे केस झालेला इंजिनिअर डोक्यावर पाटी घेतो हे दृश्य शंभर व्याख्यानांपेक्षा मोठे होते. त्याने किती ब्रास माती टाकली हे मोजण्यात अर्थ नाही. सेरेसोल पुढे क्वेकर पंथात गेले, दुसऱ्या महायुद्धात शांततेचा निरोप घेऊन सरहद्द ओलांडून जर्मनीत शिरले, पुन्हा तुरुंगात पडले आणि १९४५ साली वारले.

त्यांच्या संस्थेचे स्वयंसेवक स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राच्या भूमीवर आले ते चांदा जिल्ह्यात वरोड्याजवळ, बाबा आमट्यांच्या आनंदवनात. आनंदवनाचा आरंभ १९५१ चा. सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर माळरानात चाललेला तो संसार. आरंभीच्याच वर्षांत निरनिराळ्या देशांचे तरुण स्वयंसेवक तेथे काही महिने राहिले आणि त्यांनी रोग्यांच्या उपचारासाठी पक्क्या इमारती उभ्या करून दिल्या. इमारती कोणीही बांधून दिल्या असत्या असे म्हणता येत नाही, कारण त्या काळी कुष्ठरोग्यांच्या वस्तीत पाऊल टाकण्यास गावचा मनुष्य कचरत असे. परदेशी पोरे रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून भिंत चढवतात, त्यांच्या शेतातली भाजी खातात, आणि त्यांना काही होत नाही, हे वरोड्याच्या लोकांनी पाहिले. आनंदवनाच्या हकिकतीत त्या पाहुण्यांचा उल्लेख आजही आदराने होतो तो यामुळेच.

यानंतरचा धागा मुंबईस विक्रोळीत सापडतो. १९६६ साली अमेरिकेच्या शांतिसेनेतून, म्हणजे पीस कोअरमधून, जॉर्जिया संस्थानातील एक अडुसष्ट वर्षांची विधवा नर्स तेथील गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात कामास आली. लिलियन कार्टर असे तिचे नाव. दोन वर्षे राहून ती परत गेली. पुढे १९७७ साली तिचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि अध्यक्षपद गेल्यावर हातोडा घेऊन गरिबांची घरे बांधू लागला. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही ती संस्था मिलर्ड व लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ साली जॉर्जियातच काढली होती. तिचे मूळ ख्रिस्ती, पण घर देताना ती धर्म विचारीत नाही. तिचा नियम असा की घर फुकट द्यावयाचे नाही. घेणाऱ्याने हप्त्याने किंमत फेडावी आणि बांधकामात स्वतः घाम गाळावा. आमच्या खेड्यांतून इर्जिक म्हणून जी चाल होती, शेजाऱ्याच्या शेतावर साऱ्यांनी नांगर घेऊन जावे आणि त्याने सर्वांना जेवू घालावे, तिच्याशी हा नियम बराच जुळता आहे. फरक इतकाच की इर्जिकीतला शेजारी उद्या आपल्या शेतावर येणार असतो. जॉर्जियातल्या शेजाऱ्याकडे लोणावळ्याचा मनुष्य नांगर घेऊन कधी जाणार?

लोणावळ्याचे नाव मी सहज घेतले नाही. २००६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस लोणावळ्याजवळ मळवली येथे या संस्थेचा मोठा मेळा भरला. ब्याऐंशी वर्षांचे कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन तेथे आठवडाभर काम करीत होते. देशोदेशींचे सुमारे दोन हजार स्वयंसेवक जमले होते, आणि शंभर घरांचा संकल्प होता. क्रिकेटपटू आले, सिनेनट आले, वर्तमानपत्रांना पर्वणी लाभली. मळवली स्टेशनच्या एका अंगास भाजे, दुसऱ्या अंगास थोड्या अंतरावर कार्ले. यवनांनी जेथे खांब दिले त्याच खोऱ्यात हे नवे यवन थापी घेऊन उतरले, आणि या वेळी नुसते द्रव्य देऊन थांबले नाहीत, हा योगायोग मला फार मनोरंजक वाटतो.

पण शंभर घरांना दोन हजार माणसे, म्हणजे एका घराला वीस! पाच दिवसांत घर उभे राहते ते काही पाच दिवसांचे काम नव्हे. पाया, सामान, पाणी, आखणी ही सारी सिद्धता आधी व्हावी लागते, आणि ओळंबा सोडून वाकडी भिंत सरळ करणारा गवंडी जवळ असावा लागतो. शिवाय एका विमानाच्या भाड्यात गावच्या गवंड्याला किती महिन्यांची मजुरी मिळाली असती, हा हिशेब कोणासही करता येईल. या आक्षेपाला संस्थेचे लोक असे उत्तर देतात की, जो एकदा विटा रचून गेला तो जन्मभर वर्गणी देतो. शिवाय ज्याच्या घरी परका मनुष्य घाम गाळून गेला त्याची गावात पत वाढते. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. मला मात्र तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मळवलीचे घर ज्याचे होते तो तेथे हजर होता. भिंत त्याच्यादेखत आणि त्याच्या हाताने चढली. कार्टर २०२४ च्या डिसेंबरात निवर्तले. घरांचे हप्ते फेडणारी माणसे घरांतच राहिली.

हे इतके महत्त्वाचे का, हे धाराशिव जिल्ह्याइतके कोणास ठाऊक असेल? ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजण्यास चार मिनिटे कमी असता, लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे क्षणात ढिगारा झाली. सुमारे आठ हजार माणसे मेली. ईट तेथून दूर पश्चिमेस, पण घरांची जात एकच. दोनदोन हात रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. वर लाकडी तुळया, किलचण, आणि त्यावर हातभर जाडीची पांढऱ्या मातीची धाबी. यालाच आपण माळवद म्हणतो. उन्हाळ्यात थंडगार, चोराला अभेद्य, प्रतिष्ठेचे. दरसाल धाब्यावर नवी माती चढवावी, म्हणजे पावसात गळत नाही. या दरसालच्या मातीचेच ओझे त्या पहाटे झोपलेल्यांच्या अंगावर आले.

मग जगभरातून मदत आली. सरकार, जागतिक बँक, वर्तमानपत्रे, कारखानदार, आणि देशी परदेशी सेवासंस्था. त्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. एकेका संस्थेने एकेक गाव दत्तक घेतले. बावन्न गावे मूळ जागेवरून हलवून नव्या ठिकाणी वसवली गेली. ज्याला जमीन नाही त्याला अडीचशे चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास चारशे, मोठ्यास साडेसातशे, असे माप ठरले. रुंद रस्ते, सरळ ओळी, एकसारखी घरे. देणाऱ्यांची भावना शुद्ध होती याविषयी मला शंका नाही. परंतु बहुतेक घरे ठेकेदारांनी बांधली, आणि ज्याला त्यात राहावयाचे होते तो रांगेत उभा राहून किल्ली घेण्यापुरताच बांधकामाशी संबंध असलेला. पुढे अभ्यासकांनी जाऊन पाहिले तेव्हा तक्रारी एकाच ठशाच्या निघाल्या. गुरे कोठे बांधावी? वाड्याचे अंगण गेले, भावकी पांगली, उन्हाळ्यात सिमेंटच्या खोलीत जीव उकडतो. लोकांनी मग आपापल्या परीने आवार घातले, छपरे काढली, चूल बाहेर आणली. एकसारखी गावे हळूहळू पुन्हा गावांसारखी दिसू लागली.

त्याच भूकंपाच्या पुनर्वसनाचा एक दुसरा भाग होता, ज्याची छायाचित्रे फारशी कोणी काढली नाहीत. ज्या गावांची घरे पडली नाहीत, नुसती तडकली, त्यांना दुरुस्तीसाठी सरकारने पैसा आणि सामान दिले, व काम घरधन्यावर सोपवले. अशी घरे दीड लाखाहून अधिक होती. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने हजाराहून अधिक गावांत बायकांना संवाद सहायक नेमले. त्यांनी गवंड्याच्या कामावर नजर ठेवली, भिंतीत जोडदगड घातला की नाही हे पाहिले, धाब्यावरची माती कमी करावयास लावली, कचेरीत जाऊन हप्ता का अडला ते विचारले. आजवर जिला घरात बोलण्याची चोरी होती ती बाई इंजिनिअरशी सिमेंटच्या मापावरून वाद घालू लागली. पाहुण्यांनी दिलेल्या नव्या गावांपेक्षा मला ही दुरुस्त केलेली जुनी घरे मोठे काम वाटतात. पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला वीट दिली आणि त्यावर उभे राहण्यास सांगितले. घर कोणाचे आणि पाहुणा कोण याविषयी त्याच्या मनात यत्किंचितही घोटाळा नव्हता.

असो. पाहुण्यांच्या हातून टिकाऊ काम होतच नाही असे मात्र कोणी समजू नये. मराठवाड्यातच त्याचा उत्तम दाखला आहे, आणि तो भिंतीचा नसून विहिरीचा आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जालन्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये जॉन मॅक्लाउड नावाचे गृहस्थ होते. दुष्काळ पडला असता परदेशी मंडळींच्या देणगीतून दगड फोडणारी विंधन यंत्रे आली, आणि दख्खनच्या काळ्या खडकात खोल भोके पडू लागली. पाणी लागले, पण ते वर कसे काढावे? त्या वेळचे बिडाचे हातपंप युरोप अमेरिकेतील एकेका शेतकरी कुटुंबासाठी घडवलेले. सबंध गावाने पहाटेपासून दांडा मारला की त्यांच्या खिळी झिजत आणि पंप महिन्या दोन महिन्यांत मुका होई. मॅक्लाउड यांनी अनेक सांध्यांच्या जागी एकच भक्कम सांधा असलेला पंप जालन्यात तयार करविला. सोलापुरातही एका कार्यशाळेत याच विचाराचा सबंध पोलादी पंप सिद्ध झाला. या जालना आणि सोलापूर पंपांवरूनच, युनिसेफ व भारत सरकार यांच्या प्रयत्नाने, १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप निघाला.

त्यालाच आपण हापसा म्हणतो. बालाघाटच्या दुष्काळी पट्ट्यात त्याचा आवाज न ऐकता मोठा झालेला मनुष्य विरळा. आफ्रिकेतील कित्येक देशांतही तो गेला. जालन्याच्या मॅक्लाउडांचे नाव त्यावर कोरलेले नाही. कार्ल्याच्या यवनांचे खांबावर आहे, मळवलीच्या स्वयंसेवकांचे वर्तमानपत्रांत आहे. हापशावर फक्त कारखान्याचा शिक्का असतो.

त्या पंपातही एक उणीव राहिलीच होती. आतील वाटी झिजली की जमिनीखालचे सबंध नळ उपसून काढावे लागत, आणि त्यासाठी तालुक्याहून गाडी, तिपाई व चारपाच माणसे यावी लागत. ती येईपर्यंत बायकांना पुन्हा आडावर किंवा नदीच्या झिऱ्यावर जावे लागे. म्हणून पुढे 'मार्क तीन' निघाला. त्यात नळ जागच्या जागी ठेवून दट्ट्या वरून ओढून काढता येतो, आणि दोनचार पाने हाती असली की गावातल्याच कोणासही, बाई असो वा पुरुष, तो उघडून वाटी बदलता येते.